दोन गावांपासून सारख्या अंतरावर

सातारा आणि सांगली या दोन शहरांपासून सारख्याच अंतरावर असलेली जागा कोणती, असे चारचौघांत विचारले तर बहुतेकांच्या मनात एकच उत्तर येते. नकाशावर दोन्ही शहरे जोडणारी सरळ रेघ ओढावी, तिचे दोन सारखे भाग पाडावेत आणि जेथे भाग पडतील तेथे बोट ठेवावे. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते फार अपुरे आहे. तशी जागा एकच नाही, अगणित आहेत. आणि नवल असे की त्या इतस्ततः विखुरलेल्या नसून एका सरळ रेषेवर ओळीने उभ्या आहेत. त्या रेषेचे नाव लंबदुभाजक.

हे नाव ऐकताच अनेकांना शाळेतली पत्र्याची कंपासपेटी आठवेल. या टोकावरून वर एक कंस, खाली एक कंस. त्या टोकावरून पुन्हा तसेच दोन. मग पट्टी लावून एक रेघ. गुरुजी खूण करीत, दोन गुण मिळत, आणि विषय तेथेच संपे. पुढच्या आयुष्यात ही आकृती पुन्हा काढण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. तथापि या आकृतीच्या पोटात जो विचार आहे तो व्यवहारात रोज उपयोगी पडणारा आहे. दोघांना सारखे अंतर द्यावयाचे तर काय करावे, तिघांना द्यावयाचे तर काय, आणि चौघे आले म्हणजे काय होते, हा तो विचार. दवाखाना, बाजार, शाळा, पाण्याची टाकी कोठे असावी यावरून गावागावांत वाद होतात. अशा वादाच्या वेळी ही साधी भूमिती ठाऊक असलेला माणूस इतरांपेक्षा थोडे अधिक स्पष्ट बोलू शकतो. म्हणून तिची फिरून ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

दोरी आणि दोन खुंट्या

कंपासपेटी तूर्त बाजूला ठेवू. मोकळ्या पटांगणात दहा हातांच्या अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्या. चौदा-पंधरा हात लांबीची एक न ताणणारी दोरी घ्यावी. तिची दोन्ही टोके दोन खुंट्यांना बांधावी आणि दोरीच्या बरोबर मध्यावर गाठ मारून खूण करावी. आता ती गाठ हातात धरून एका बाजूला ताणावी आणि जमिनीवर जेथे गाठ टेकेल तेथे ठिपका काढावा. मग तीच गाठ दुसऱ्या बाजूला ताणून तेथेही ठिपका काढावा. हे दोन ठिपके जोडणारी रेषा दोन खुंट्यांमधील अंतराचे बरोबर दोन भाग करते, आणि शिवाय त्या अंतराशी काटकोनात उभी राहते. 'लंब' आणि 'दुभाजक' हे दोन्ही शब्द येथे सार्थ होतात.

असे का व्हावे? गाठ दोरीच्या मध्यावर आहे, म्हणून ती कोठेही ताणली तरी दोन्ही खुंट्यांपासून सारख्याच अंतरावर राहणार. दोन्ही ठिपके अशा रीतीने समदूर आहेत. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, म्हणून हे दोन समदूर बिंदू मिळाले की सगळी रेषा मिळाली. कंपासने काढलेले कंस हे दुसरे काही नसून त्या ताणलेल्या दोरीचेच काम करतात. कंपासचे तोंड दोन टोकांमधील अंतराच्या निम्म्याहून अधिक उघडावे असे शाळेत बजावून सांगतात. त्याचेही कारण आता दिसेल. दोरी खुंट्यांमधील अंतराहून आखूड असेल तर ती दोन्ही खुंट्यांना पोहोचणारच नाही. आणि नेमकी तेवढीच असेल तर गाठ बाजूला सरकावयास जागाच उरणार नाही.

दोरी-खुंट्यांची ही रीत आमच्या कल्पनेतून निघालेली नाही. यज्ञवेदी कशा आखाव्यात हे सांगणारी जी प्राचीन शुल्बसूत्रे आहेत त्यांपैकी कात्यायनाच्या सूत्रांत ती आरंभीच आली आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरी. सपाट केलेल्या जमिनीवर एक शंकू, म्हणजे सरळ काठी, उभी करावी. काठीच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी काठीची सावली लांब असते. ती आखडत आखडत तिचे टोक ज्या क्षणी वर्तुळाला शिवेल तेथे एक खुंटी ठोकावी. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत जाऊन वर्तुळाला जेथे शिवेल तेथे दुसरी. या दोन खुंट्या जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. मग दोरीला दोन्ही टोकांस फास करून ते खुंट्यांत अडकवावेत आणि दोरी मध्यावर धरून एकदा दक्षिणेकडे, एकदा उत्तरेकडे ताणावी. जी रेषा मिळेल ती दक्षिणोत्तर.

यातील चातुर्य पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे मध्यान्हीची सावली फार आखूड होते आणि काही दिवशी तर नाहीशीच होते. तिच्यावरून दिशा ठरवावयाची म्हटले तर पंचाईत. पण या रीतीत मध्यान्हीच्या सावलीची गरजच नाही. सकाळ आणि दुपार यांच्या दोन सारख्या सावल्या घेतल्या की मध्यान्हरेषा आपोआप त्यांच्या मधून निघते. सूर्य दिवसभरात उत्तर-दक्षिण किंचित सरकतो, त्यामुळे अत्यल्प फरक पडतो, एवढेच. पुढे सूर्यसिद्धांतातही हीच दक्षिणोत्तर रेषा काढावयास सांगितली आहे. तेथे तिचे साधन 'तिमि', म्हणजे मासा आहे. एकमेकांस छेदणाऱ्या दोन कंसांमध्ये जो लांबट आकार तयार होतो तो खरोखरच माशासारखा दिसतो. त्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंत ओढलेली रेघ म्हणजे आपला लंबदुभाजक. ग्रीसमध्ये युक्लिडाने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात रेषाखंडाचे दोन सारखे भाग कसे करावेत हे सिद्धतेसह दिले. आपल्याकडची रीत वेदी आखणाऱ्याच्या हातून आली, त्याची प्रमेयांच्या साखळीतून आली.

सगळ्या जागा याच रेषेवर का?

आतापर्यंत आपण दोन समदूर बिंदू जोडून एक रेषा मिळविली. आता दोन प्रश्न उरतात. या रेषेवरील प्रत्येक बिंदू समदूर आहे काय? आणि या रेषेबाहेर एखादा समदूर बिंदू लपून राहिला नाही ना? दोहोंची उत्तरे मिळाल्याखेरीज 'सर्व समदूर जागा याच रेषेवर आहेत' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दोन टोकांना क आणि ख म्हणू, मध्याला म. रेषेवर कोठेही एक बिंदू प घ्या. पमक आणि पमख असे दोन त्रिकोण झाले. दोहोंना पम ही बाजू सामाईक. कम आणि खम सारख्या. आणि म जवळचा कोन दोन्हीकडे काटकोन. म्हणजे एक त्रिकोण घडी घालावी तसा दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. तेव्हा पक आणि पख सारख्याच. ज्यांना सिद्धतेचा कंटाळा येतो त्यांनी कागदावर क आणि ख हे ठिपके काढून एकावर दुसरा येईल अशी घडी घालावी. कागदावर जी चुणी उमटेल तीच ही रेषा, आणि घडी केलेला कागद हीच सिद्धता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. समजा प हा बिंदू रेषेवर नसून तिच्या क कडील बाजूस आहे. त्याच्यापासून ख कडे सरळ निघाले तर वाटेत ती रेषा ओलांडावीच लागेल. जेथे ओलांडू त्या जागेला ट म्हणू. ट रेषेवर आहे, म्हणून तेथून क आणि ख सारखेच दूर. तेव्हा प पासून ट मार्गे ख ला जाण्याचे अंतर आणि प पासून ट मार्गे क ला जाण्याचे अंतर एकच. पण क ला जावयाचे तर ट चा फेरा कशाला घ्यावा? प पासून क ला सरळ गेले तर वाट नक्कीच कमी पडते. अर्थात प हा क ला जवळचा, ख ला दूरचा. क कडील प्रत्येक जागेची हीच गोष्ट, आणि ख कडील प्रत्येक जागेची याच्या उलट.

यातून जे हाती आले ते शाळेतील आकृतीहून मोठे आहे. लंबदुभाजक ही नुसती समदूर बिंदूंची ओळ नाही, ती सीमा आहे. तिच्या या बाजूला क ची सत्ता, त्या बाजूला ख ची. एखादे ठिकाण दोन गावांपैकी कोणत्या गावाला जवळ, हे ठरविण्यासाठी दोन्ही अंतरे मोजण्याची गरज नाही. ते रेषेच्या कोणत्या बाजूला आहे एवढे पाहिले की झाले.

नकाशावरची रेषा

आता ही रेषा आपल्याच मुलखावर ओढून पाहू. सातारा ते सांगली हे सरळ रेषेत मोजलेले अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. सांगली साताऱ्याच्या आग्नेयेस आहे. म्हणून लंबदुभाजक नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरपा जाणार.

प्रथम कराड पाहू. साताऱ्याहून सांगलीस निघालेला मनुष्य कराड हेच अर्धे अंतर मानतो. कृष्णा-कोयनेचा संगम तेथे, चहापाण्याचा मुक्काम तेथे, म्हणून मनात ते मधले गाव ठरून गेले आहे. नकाशा मात्र वेगळे सांगतो. कराडपासून सातारा सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत, तर सांगली साठांच्या पुढे आहे. म्हणजे कराड स्पष्टपणे साताऱ्याच्या बाजूचे. रेषा कराडच्या दक्षिणेकडून, वाळवे तालुक्याच्या सीमेजवळून वर चढते, आणि कडेगावाच्या अगदी लगत येते. मोहरमच्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध असलेले हे कडेगाव दोन्ही शहरांपासून जवळजवळ सारख्या, म्हणजे पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास अंतरावर आहे. पुढे रेषा ईशान्येकडे जाते तेव्हा मायणी आणि म्हसवड ही गावे थोडक्यात साताऱ्याकडे राहतात. विटे आणि आटपाडी सांगलीकडे जातात.

येथे एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आली असेल. मायणी, म्हसवड आणि कराड ही सातारा जिल्ह्यातली. कडेगाव, विटे, आटपाडी, इस्लामपूर, शिराळे ही सांगली जिल्ह्यातली. भूमितीची रेषा आणि जिल्ह्याची सीमा एकमेकींच्या किती जवळून जातात! एके काळी हा बहुतेक मुलूख एकाच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाई. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके व शिराळे आणि त्यांच्या जोडीला सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचा मुलूख मिळून 'दक्षिण सातारा' हा निराळा जिल्हा झाला. सांगली त्याचे मुख्य ठिकाण. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. ही सीमा कोणी कंपासने आखलेली नाही. ती जुन्या तालुक्यांच्या आणि संस्थानांच्या हद्दींवरून आली आहे. तरीही या भागात ती लंबदुभाजकाला धरून जाते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की सीमेवरच्या यांपैकी कोणत्याही गावच्या माणसाला, सरळ अंतर पाहिले तर, कचेरीच्या कामासाठी दूरच्या शहरी जावे लागत नाही. सर्वच जिल्ह्यांच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही.

तिसऱ्याने बिघडत नाही

'तीन तिगाडा काम बिगाडा' अशी आपल्याकडे म्हण आहे. भूमितीत मात्र तिसरा आला की काम बिघडण्याऐवजी पक्के होते. सातारा आणि सांगली यांच्या जोडीला कोल्हापूर घ्या आणि विचारा, तिन्ही शहरांपासून सारख्या अंतरावरची जागा कोणती?

सातारा-सांगलीचा लंबदुभाजक आपल्याजवळ आहे. उत्तर त्यावरच कोठेतरी असणार. सांगली-कोल्हापूरचा लंबदुभाजक काढला तर उत्तर त्यावरही असले पाहिजे. दोन रेषा जेथे छेदतात ती एकच जागा दोन्ही अटी पाळते. आता तिसरा, सातारा-कोल्हापूरचा लंबदुभाजक काढण्याचे कारणच उरत नाही. छेदबिंदू साताऱ्यापासून जितका दूर तितकाच सांगलीपासून. सांगलीपासून जितका दूर तितकाच कोल्हापूरपासून. तर मग साताऱ्यापासून आणि कोल्हापूरपासूनही तो सारखाच दूर. तिसरी रेषा त्या बिंदूतून गेल्याशिवाय राहत नाही. कोणत्याही त्रिकोणाचे तिन्ही लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात हा सिद्धांत इतक्या थोडक्यात सिद्ध होतो. त्या बिंदूला परिकेंद्र म्हणतात, कारण तेथे कंपासचे टोक ठेवून वर्तुळ काढले तर ते तिन्ही शिरोबिंदूंतून जाते.

आपल्या तीन शहरांचे परिकेंद्र कराडच्या थोडे दक्षिणेस, कृष्णेच्या खोऱ्यात पडते. तेथून प्रत्येक शहर सुमारे छप्पन्न किलोमीटर. हे नकाशा न काढताही कळू शकते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात या अंतराला 'हृदयरज्जु' असे सुंदर नाव दिले आहे आणि ते काढण्याचा नियमही सांगितला आहे: त्रिकोणाच्या दोन बाजूंचा गुणाकार करावा आणि त्या बाजू जेथे मिळतात तेथून तिसऱ्या बाजूवर टाकलेल्या लंबाच्या दुपटीने भागावे. सातारा-सांगली ११०, सातारा-कोल्हापूर १११, आणि साताऱ्यापासून सांगली-कोल्हापूर रेषेवरील लंब सुमारे १०९ किलोमीटर. ११० ला १११ ने गुणून २१८ ने भागले की छप्पन्न येतात. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा नियम आजच्या नकाशावर असा बिनचूक लागू पडतो.

हीच युक्ती उलटी चालविली तर हरवलेले केंद्र सापडते. जुन्या गोल विहिरीवर झाकणाचा सांगाडा बसवावयाचा आहे आणि तिचे केंद्र हवे आहे. किंवा मोडक्या चाकाच्या धावेचा एक तुकडा हाती आहे आणि मूळ चाक केवढे होते ते ठरवावयाचे आहे. काठावर कोठेही तीन खुणा करा. पहिल्या-दुसऱ्या खुणेचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या खुणेचा लंबदुभाजक काढा. ते जेथे छेदतील ते केंद्र. वर्तुळाच्या काठावरील प्रत्येक बिंदू केंद्रापासून सारखाच दूर असतो, म्हणून केंद्राला प्रत्येक जीवेच्या लंबदुभाजकावर यावेच लागते. उत्खननात सापडलेल्या खापराच्या काठाच्या तुकड्यावरून संशोधक मडक्याच्या तोंडाचा व्यास सांगतात तो याच तत्त्वावर.

साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या काळातील ही विहीर अष्टकोनी आहे. अष्टकोन आखावयाचा तर दोरी आणि खुंट्या एवढे साहित्य पुरते. वर्तुळ काढून त्याचा एक व्यास घ्यावा. त्याचा लंबदुभाजक काढला की वर्तुळावर चार बिंदू होतात आणि ते जोडले की चौरस होतो. चौरसाच्या बाजूंचे लंबदुभाजक केंद्रातून जाऊन वर्तुळाला आणखी चार ठिकाणी छेदतात. असे आठ कोपरे मिळतात, आणि आठही केंद्रापासून सारख्या अंतरावर.

चौथा आला म्हणजे

दोन गावांना समदूर जागांची पूर्ण रेषा मिळाली. तीन गावांना एकच जागा मिळाली. चार गावे असतील तर? सामान्यतः एकही जागा मिळत नाही. पहिल्या तीन गावांनी जागा ठरवून टाकलेली असते; चौथे गाव त्यांच्याच वर्तुळावर असेल तरच त्याला ती सोसते. आपल्या तीन शहरांत सोलापूर मिळविले तर काय होते पाहा. कराडच्या दक्षिणेकडील त्या जागेपासून तिघे छप्पन्न किलोमीटरांवर आहेत, आणि सोलापूर पावणेदोनशे किलोमीटरांहूनही दूर. चौघांना सारख्या अंतरावर अशी जागा पृथ्वीच्या या भागात कोठेच नाही. ती शोधून सापडत नाही याचा दोष शोधणाऱ्याकडे नाही. तशी जागाच अस्तित्वात नाही.

सार्वजनिक कामात हे ध्यानात ठेवणे फार हिताचे आहे. पाच-सात गावांसाठी एकच दवाखाना असेल, तर 'सर्वांना सारखे अंतर' ही मागणी ऐकावयास गोड असली तरी ती पुरी करणे बहुधा अशक्य असते. अशा वेळी प्रश्न बदलून घ्यावा लागतो. सर्वांत दूरच्या गावाला कमीत कमी चालावे लागेल अशी जागा कोणती? किंवा सर्वांचे चालणे मिळून कमीत कमी होईल अशी कोणती? हे निराळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरेही निराळी येतात, आणि त्यांपैकी कोणता विचारावयाचा हे गावकऱ्यांनी ठरवावयाचे आहे. भूमिती एवढेच सांगते की पहिला प्रश्न धरून बसण्यात अर्थ नाही.

दुसराही एक इशारा ती देते. सारखेपणा आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूर बाजूला ठेवून सातारा, कराड आणि सांगली ही तीन गावे घ्या. कराड हे सातारा-सांगली रेषेपासून फार बाजूला नाही. सात-आठ किलोमीटर असेल. तिन्ही गावे जवळजवळ एका ओळीत आहेत, त्यांचा त्रिकोण अगदी चपटा आणि विशालकोनी आहे. अशा त्रिकोणाचे लंबदुभाजक जवळपास समांतर असतात. ते एकमेकांस भेटतात खरे, पण फार दूर जाऊन. या तिघांचे परिकेंद्र पूर्वेस दीडशे किलोमीटरांच्याही पलीकडे, पार सोलापूर जिल्ह्यात माढा-बार्शीच्या बाजूला पडते. तेथे तिघांसाठी एखादी संस्था काढली तर तिघांवर अगदी सारखा न्याय होईल आणि तिघांचीही सारखीच फरफट होईल. तीन गावे नेमकी एका सरळ रेषेत असती तर लंबदुभाजक समांतर झाले असते आणि अशी जागा मिळालीच नसती. तेव्हा समदूर जागा काढून झाली की ती किती दूर आहे हेही पाहावे.

सरळ रेषा आणि चालती वाट

आतापर्यंतचे सर्व अंतर आपण सरळ रेषेत मोजले. मनुष्य मात्र रस्त्याने जातो. वाटेत नदी येते, घाट येतो, पूल चार मैल वर असतो. मग आपली रेषा निरुपयोगी ठरते काय? याचे उत्तर १८५४ साली लंडनमध्ये मिळाले. त्या वर्षी सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टरांचा तर्क असा होता की रोग दूषित पाण्यातून पसरतो. आणि त्यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपावर होता. मृत्यू कोणत्या घरी झाले हे त्यांनी नकाशावर मांडले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या नकाशात त्यांनी आणखी एक गोष्ट केली: ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आसपासचे इतर पंप यांच्यापासून चालत जाण्यास सारखे अंतर पडेल अशा जागा जोडून त्यांनी एक रेघ ओढली. ती रेघ सरळ नव्हती. गल्लीबोळांप्रमाणे ती वाकडीतिकडी वळत होती. पण जात लंबदुभाजकाचीच: आतल्या बाजूच्या लोकांना तो पंप जवळचा, बाहेरच्यांना दुसरा. आणि मृत्यूंची गर्दी त्या रेघेच्या आत होती. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजीच काढून टाकण्यात आला होता. पाण्यातून पटकी पसरते हे पुढे वैद्यकाने मान्य केले, आणि त्या पुराव्यात या समदूर रेघेचा वाटा आहे.

तेव्हा अंतर कशाने मोजावयाचे ते आपण ठरवावे. दोऱ्याने, रस्त्याच्या किलोमीटरांनी किंवा बैलगाडीच्या तासांनी. 'या दोहोंपासून सारख्या दूर अशा सर्व जागा कोणत्या' हा प्रश्न प्रत्येक वेळी अर्थपूर्णच राहतो. सरळ अंतराला त्याचे उत्तर सरळ रेषा येते, रस्त्याच्या अंतराला वाकडी. सरळ रेषेचे शिक्षण आधी घ्यावयाचे ते यासाठी की तिच्यावरून वाकडीचा स्वभाव कळतो.

घरी जिल्ह्याचा नकाशा, दोन टाचण्या आणि हातभर दोरा असेल तर यातले बहुतेक सर्व आज संध्याकाळी पडताळून पाहता येईल. आपले गाव आणि शेजारचे गाव घ्या, त्यांच्यामधली रेषा काढा, आणि ती कोणाच्या शेतातून, कोणत्या ओढ्यावरून, कोणत्या वाडीच्या पाठीमागून जाते ते पाहा. मग तिसरे गाव घ्या. जागा एकच उरेल, आणि ती सोयीची आहे की गैरसोयीची हे तुम्हांला नकाशापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल. मुलांना जवळ बसवून केले तर अधिक बरे. शाळेत त्यांनी काढलेली रेघ आपल्या गावाजवळून जाते, हे एकदा त्यांच्या डोळ्यांना दिसले की ती वहीतून पुसली गेली तरी डोक्यातून जाणार नाही.